बर्फ चालू आहे, बंद करू नये

गुरुवार, २५ जुलै २०१९. रक्कम रुपये चौसष्ट हजार नऊशे. हजर: प्राचार्य, रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख देवरे मॅडम, भांडार सांभाळणारे शेख आणि इतिवृत्त लिहायला मी, कॉलेजचा हेडक्लार्क. विषय: एक कॉम्प्युटर, ग्राफिक्स कार्डासह. ज्यांच्यासाठी तो घ्यायचा होता ते भोये सर बाहेर व्हरांड्यात उभे होते. ते तासिका तत्त्वावरचे, म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढ्याचेच पैसे मिळणारे. बारा वर्षं आमच्याकडे शिकवत असले तरी खरेदी समितीसमोर बसायचा त्यांना अधिकार नव्हता.

प्राचार्यांनी कागद चाळत विचारलं, "हे नेमकं करतात काय?"

"ढगातला थेंब गोठताना त्यात विरघळलेल्या वायूचं काय होतं, ते बघतात," देवरे मॅडम म्हणाल्या.

"ढगात जाऊन?"

"नाही सर, कॉम्प्युटरवर."

"मग गारपीट लिहा की. निफाड, दिंडोरीला दर वर्षी द्राक्षं झोडपून निघतात. पेपरवालेसुद्धा येतील. बोलवा त्यांना."

भोये सर आत आले. खुर्ची होती, पण कुणी बसा म्हटलं नाही.

"काय भोये, गारपीट थांबेल का याने?"

"नाही सर."

"अंदाज तरी येईल?"

"नाही सर. माझा थेंब गारेच्या फार आधीचा आहे."

शेख खाली बघून हसले. प्राचार्य म्हणाले, "अहो, हो म्हणायला तुमचं काय जातं?" शेवटी मॅडमनी मध्ये पडून खरेदी मंजूर करून घेतली आणि प्राचार्यांच्या सांगण्यावरून मी इतिवृत्तात लिहिलं, "गारपीट इत्यादी विषयांच्या संशोधनासाठी". दुसऱ्या दिवशी भोये सर माझ्या टेबलापाशी आले. हातात इतिवृत्ताची प्रत होती.

"भाऊसाहेब, यातलं 'इत्यादी' मी करतो. गारपीट करत नाही."

हा माणूस पुढे का फसला ते सांगायला खरं तर एवढं पुरेसं आहे. पण तो कसा होता तेही लिहून ठेवावंसं वाटतं, कारण आमच्या कॉलेजात आता त्यांचं नाव निघालं तर लोक फक्त "तो प्रबंध मागे घेणारा येडा" एवढंच म्हणतात.

ते सुरगाण्याचे. तालुक्याच्या गावापासूनही आत, गुजरातच्या अंगाला, आदिवासी पाड्यावरचे. बायको तिथल्या अंगणवाडीत, मुलगी तिथल्याच शाळेत. सर जेलरोडला एका खोलीत एकटे राहायचे आणि शनिवारी दुपारी जीपने घरी जायचे. सोमवारी पहिल्या तासाला हजर. डब्यात नागलीची भाकरी आणि एखादी कोरडी भाजी. कुणी म्हटलं की वाटून खायचे, पण स्वतः दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचे नाहीत. "कायम झालो की बिऱ्हाड इकडे आणीन," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की मुलीचा इयत्तेचा आकडा तेवढा त्यात बदलत गेला. आधी "पहिलीपासून इकडे घालीन", मग "पाचवीपासून", मग "निदान आठवीपासून". जागा कायम व्हायला त्यांना पीएचडी लागत होती. दुसरा रस्ता होता तो प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेचा, आणि ती परीक्षा त्यांची दोनदा थोडक्या गुणांनी हुकली होती.

स्टाफरूममध्ये त्यांना चिडवायची पद्धतच पडली होती. "काय भोये सर, आज किती बर्फ पडला?" किंवा, "तुम्हाला कॉम्प्युटर कशाला पाहिजे, तुमच्याकडे ढग चुलीपर्यंत येतात." या दुसऱ्या वाक्यात काय भरलेलं असायचं ते बोलणाऱ्यांनाही माहीत होतं आणि सरांनाही. ते शांतपणे म्हणायचे, "येतात ना. श्रावणात आमच्या शाळेत ढग येऊन बसायचा. गुरुजी हजेरी घ्यायचे आणि त्यांना शेवटचा बाक दिसायचा नाही. मी शेवटच्या बाकावर. मी हजर म्हणायचो आणि गुरुजी म्हणायचे, कशावरून?"

ते "कशावरून?" त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं. विद्यार्थ्याने उत्तर सांगितलं की, कशावरून? मी म्हटलं आज अनुदान जमा होणार, की, कशावरून, भाऊसाहेब? पहिल्या वर्षाची मुलं त्यांची नक्कल करायची. तिसऱ्या वर्षापर्यंत त्यातली तीन-चार मुलं तरी तसं खरोखर विचारायला लागलेली असायची.

त्यांचं काम मला समजायला बराच वेळ लागला. मी आकड्यांतला माणूस असल्यामुळे त्यांनी मला ते आकड्यांतच सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये एक कल्पनेतला डबा. त्यात पाण्याचे सहा हजार रेणू आणि सल्फर डायऑक्साइड वायूचे बारा. हा कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा वायू. डब्याच्या एका अंगाला थोडा बर्फ आधीच ठेवलेला. मग प्रत्येक रेणू दुसऱ्याला किती ओढतो, किती ढकलतो हे यंत्राने मोजायचं, सगळ्यांना कणभर हलवायचं आणि परत मोजायचं. एका सेकंदाचे हजार लाख कोटी भाग केले तर त्यातले दोन भाग म्हणजे एक पाऊल. अशी दहा कोटी पावलं झाली की सेकंदाचा पन्नास लाखावा भाग संपतो, आणि तेवढ्यात डबा गोठतो. जुन्या कॉम्प्युटरवर या एका गोठण्याला सत्तावीस दिवस लागायचे. कार्ड आल्यावर चार.

"आणि मोजायचं काय?"

"बारापैकी किती बर्फात अडकले आणि किती बाहेर ढकलले गेले. अडकले तर बर्फाबरोबर खाली येतील. सुटले तर हवेबरोबर आणखी वर जातील, आणि तिथे जाऊन वेगळं काहीतरी करतील. खाली किती, वर किती, एवढंच. तुमच्या जमा-नावेसारखं."

हे त्यांनी मला आमच्या घरी समजावलं. एका रविवारी ते सुरगाण्याला गेले नव्हते, म्हणून मी जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर त्यांनी आमच्या फ्रीजमधला बर्फाचा ट्रे मागून घेतला, एक खडा काढून बशीत ठेवला आणि माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, हा कडेला काचेसारखा आणि मधोमध पांढरा का?"

"पाणी खराब असेल. टाकी धुवायची झालीय, यांना महिनाभर सांगतेय."

"पाणी चांगलं आहे. पाण्यात हवा विरघळलेली असते. बर्फ कडेकडून आत सरकतो आणि हवेला पुढे ढकलत नेतो. चारी बाजूंनी बर्फ आला की हवेला जायला जागा राहत नाही. मग ती मधे कोंडते. ते पांढरं."

"पण वरून जाईल की. वरून ट्रे उघडाच असतो."

"वरची साय आधी धरते, वहिनी."

"नाही धरली तर?"

सर हसले. म्हणाले, "नाही धरली तर जाईल." आणि उरलेला बर्फ त्यांनी सरबतात घातला. त्या वेळी आम्हा तिघांपैकी कुणालाच वाटलं नाही की प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणाचं परीक्षण आत्ता इथे होऊन गेलं.

यंत्र आलं आणि प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बसलं. त्याच्यावर सरांनी पुठ्ठ्याची पाटी लावली: "बर्फ चालू आहे, बंद करू नये". खाली तारीख आणि सही. सफाईवाल्या मावशी त्या खोलीत जायला घाबरायच्या, आत बर्फाचं मशीन फुटलं तर काय घ्या. प्रत्येक गोठण्याची नोंद ते एका लांबट वहीत करायचे. सुरू कधी, लाइट कधी गेली, परत कुठून सुरू केलं, तापमान किती. माझ्या रोजकीर्दीपेक्षा ती वही स्वच्छ होती. खाडाखोड केली तर बाजूला कारण आणि सही. मी एकदा म्हटलं, "सर, ही वही ऑडिटला कुणी मागणार नाही." ते म्हणाले, "म्हणून तर."

लॉकडाऊनमध्ये कॉलेजला कुलूप लागलं तेव्हा ते सुरगाण्याला अडकले आणि यंत्र इकडे चालू राहिलं. गेटवरच्या रामदासला त्यांनी फोनवर पढवलं होतं. रोज सकाळी मागच्या खोलीत जायचं, स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात एक आकडा असतो तो वाचायचा. तो आकडा म्हणजे डब्याचं तापमान, वेगळ्या मोजपट्टीतलं. दोनशे साठ म्हणजे आपलं शून्याखाली तेरा. रामदासला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तो मला एके दिवशी काळजीने म्हणाला, "साहेब, भोये सरांचं ते मशीन लय आजारी हे. दोनशे साठवर ताप हे, दीड महिना झाला, उतरंना."

"मग सर काय म्हणतात?"

"ते म्हणत्यात, उतरू नको देऊ."

हे सांगून आम्ही पुढे कितीतरी दिवस हसायचो. सरही हसायचे. त्या दीड महिन्यात घरी बसून त्यांना एका तासाचेही पैसे मिळत नव्हते, कारण तासच नव्हते. ते रामदासच्या मोबाइलला मात्र न चुकता रिचार्ज मारायचे.

२०२२च्या पावसाळ्यात प्रबंध विद्यापीठाला गेला. दोन्ही परीक्षकांचे अहवाल चांगले आले. एकाने तर "अत्यंत काटेकोर" असा शब्द वापरला होता. त्याच सुमारास आमच्याकडे रसायनशास्त्राची एक कायम जागा मंजूर झाली. बारा-तेरा वर्षांत पहिली. मुलाखती जूनमध्ये, तोंडी परीक्षा फेब्रुवारीत; चार महिने मध्ये होते. देवरे मॅडम कधी नव्हे ते पेढे घेऊन आल्या. सर म्हणाले, "अजून झालं नाही, मॅडम," पण पेढा खाल्ला. मुलगी तेव्हा आठवीत होती. नववीपासून इकडे, असं त्यांनी मला सांगितलं आणि जेलरोडलाच दोन खोल्यांची जागा बघून ठेवली.

तोंडी परीक्षेला अकरा दिवस राहिले असताना ते सकाळी सातला माझ्या घरी आले. चहा पुढे ठेवला, त्यांनी घेतला नाही.

"भाऊसाहेब, माझ्या डब्याला दारच नाही."

मला कळलं नाही. मग त्यांनी कागदावर चौकोन काढून दाखवला. कॉम्प्युटरमधला डबा असा रचलेला असतो की त्याची उजवी कड डाव्या कडेला जोडलेली धरतात. एका बाजूने बाहेर गेलेला रेणू दुसरीकडून आत येतो. त्यामुळे बर्फ एका बाजूने सरकत नव्हता, दोन्ही बाजूंनी मध्याकडे येत होता. मधलं पाणी कमी कमी होत जायचं, वायूचे रेणू त्यात ढकलले जायचे, आणि शेवटी दोन्हीकडचा बर्फ एकमेकांना भिडला की ते तिथे कोंडायचे. ते कोंडलेले त्यांनी "बर्फात अडकले" म्हणून मोजले होते. ढगातल्या थेंबाला भोवती हवा असते. वायूला तिकडे निसटून जाता येतं. यांच्या डब्यात हवेचा पृष्ठभागच नव्हता.

"म्हणजे दार लावून घेतलं आणि घरात किती माणसं राहिली ते मोजलं," ते म्हणाले. "एकशे चार वेळा मोजलं. दर वेळी बरोबर मोजलं. वहिनींनी तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं."

"परीक्षकांना दिसलं नाही?"

"नाही. गाइडनाही नाही. मला काल दिसलं."

गाइड म्हणजे त्यांचे मार्गदर्शक, दुसऱ्या कॉलेजातले. ते आदल्या संध्याकाळी त्यांना म्हणाले होते, गप्प बस, तोंडी होऊ दे, पदवी हातात घे, मग सावकाश पेपरमध्ये दुरुस्ती कर. देवरे मॅडमही तेच म्हणाल्या होत्या. मला वाटतं ते माझ्याकडे आले ते, असं न म्हणणारा कुणीतरी एक हवा म्हणून.

त्यांनी विचारलं, "ताळेबंदावर सही झाली, ऑडिटर निघून गेले, आणि मग तुम्हाला चूक सापडली तर तुम्ही काय करता?"

"दुरुस्तीचं पत्र देतो."

"केवढी चूक असली तर?"

"एक रुपयाची असली तरी," मी म्हणालो.

मी हे अभिमानाने म्हणालो. ते हिशेबाबद्दल विचारत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. मी एकवीस वर्षं कायम नोकरीत होतो. एक रुपयाच्या दुरुस्तीचं पत्र दिल्याबद्दल माझं आजवर कुणी काही वाकडं केलं नव्हतं, उलट वाहवा झाली होती. त्यांच्या मुलीच्या नववीचा मला त्या क्षणी विचारही आला नाही. बायको आतून ऐकत होती. ते गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला सल्ला द्यायला जीएसटी लागत नाही, नाही का?"

तोंडी परीक्षेला मी रजा टाकून गेलो. या परीक्षेची एक रीत आहे. परीक्षकांना शाल-श्रीफळ आणि जमलेल्या सगळ्यांना नाश्ता, हे उमेदवाराकडून. निकाल काय लागणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं, म्हणून नाश्ता आधीच सांगून ठेवतात. सरांनी चाळीस प्लेट सांगितल्या होत्या. सुरगाण्याहून बायको आणि मुलगी आल्या होत्या. मुलीच्या अंगावर नवा ड्रेस होता. तिला वाटत होतं आज बाबांचा सत्कार आहे.

सर उभे राहिले आणि त्यांनी पहिलीच स्लाइड लावली. वर लिहिलं होतं, "प्रस्तुत प्रबंधातील चूक". पुढची पंधरा मिनिटं ते स्वतःच्या पाचव्या प्रकरणाविरुद्ध बोलले. इतकं स्वच्छ बोलले की मलाही सगळं समजलं. आवाज हलला नाही. शेवटी म्हणाले, "वायूचे रेणू बर्फाच्या कडेशी कसे वागतात ते चौथ्या प्रकरणात आहे, ते बरोबर आहे. किती अडकतात हे माझं उत्तर बरोबर नाही. खरं उत्तर मला माहीत नाही."

बाहेरगावच्या परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी "अत्यंत काटेकोर" लिहून दिलेलं होतं. ते म्हणाले, "अहो, हे तुम्ही आत्ता कशाला काढलंत?" प्रश्न एवढाच. विज्ञानाचा एकही नाही. समितीच्या अध्यक्षांनी परीक्षकांशी कुजबुज करून जाहीर केलं की उमेदवाराने स्वतःच शंका काढल्यामुळे प्रबंध मागे घेऊन सुधारून पुन्हा सादर करावा. गाइड कुणाकडे न बघता निघून गेले.

मग नाश्ता झाला. चाळीसच्या चाळीस प्लेट संपल्या. कचोरी चांगली होती असं दोघा-तिघांनी सांगितलं. एक प्राध्यापक दुसऱ्याला हळूच म्हणाले, "प्रामाणिक आहे बिचारा," आणि दुसरे म्हणाले, "प्रामाणिक कसला, घाबरला. उद्या कुणी पकडलं असतं म्हणून." शाल आणि नारळ पिशवीत तसेच राहिले. मुलीने आईला विचारलं, "झालं का?" आई म्हणाली, "झालं, चल."

सुधारायचं म्हणजे डबा मोठा करायचा आणि त्याला एक अंग हवेसाठी उघडं ठेवायचं. पाण्याचे रेणू तिप्पट, वायूचे तेच बारा, आणि बर्फ सावकाश. नव्या कार्डावरही एका गोठण्याला सत्तर दिवस. सरांनी ३ मार्चला सुरू केलं आणि पाटीवर नवी तारीख टाकली. जूनच्या मुलाखतीआधी पदवी मिळणार नाही हे त्यांना कळत होतं. तरी निदान पहिला निकाल हातात घेऊन मुलाखतीला जावं, समितीला सांगावं की सहा महिने थांबा, असं त्यांच्या मनात होतं. मला त्यांनी ते एकदाच बोलून दाखवलं. मी म्हणालो, "थांबतील, सर." कशावरून, असं त्यांनी पहिल्यांदाच विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटी कॉलेजच्या मूल्यांकनाची तयारी सुरू झाली. कागद चढवायला वेगवान कॉम्प्युटर हवा होता. प्राचार्य मला म्हणाले, "भोयेंचा प्रबंध तर मागे गेला. मग ते यंत्र कशावर चालतंय? पत्र काढा." पत्र मी काढलं. "उपरोक्त यंत्र तात्काळ कार्यालयात जमा करावे." मसुदा माझा, टायपिंग माझं, सही प्राचार्यांची. नऊ दिवस थांबा असं मी म्हणू शकलो असतो. मी एकदा दारापर्यंत गेलो होतो. आत संस्थेचे लोक बसलेले होते, म्हणून परत आलो.

२ मेला शेख आणि मी यंत्र आणायला गेलो. सर आधीच तिथे होते. त्यांनी आम्हाला थांबायला लावलं, चालू होतं ते जपून ठेवलं, एका छोट्या डिस्कवर उतरवलं, वहीत वेळ लिहिली. शेखना ते बघवत नव्हतं. ते म्हणाले, "सर, कुठवर आला होता बर्फ?"

"दोन नॅनोमीटर राहिला होता."

"आणि ते बारा जण?"

"चार हवेत गेले. एक बर्फात अडकला. सात अजून पाण्यात आहेत. त्यांचं काही ठरलेलं नाही."

त्यांनी बटण स्वतः बंद केलं. पंखा थांबायला काही सेकंद लागले. मग पुठ्ठ्याची पाटी काढून त्यांनी ती शेखच्या हातात दिली, टाकून द्या म्हणाले. चार वर्षांत त्या खोलीत एवढी शांतता मी ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशीपासून त्याच यंत्रावर आम्ही झाडं लावल्याचे आणि योगदिनाचे फोटो चढवत होतो. त्याला त्या वेगाची काही गरज नव्हती. शेवटपर्यंत त्याचा पंखा एकदासुद्धा जोरात फिरला नाही.

जूनच्या मुलाखतीत जागा भरली गेली. आलेला मुलगा वाईट नाही. नम्र आहे, वेळेवर येतो, मला वाकून नमस्कार करतो. त्याचा प्रबंध मी सेवापुस्तकाला जोडताना चाळला. त्यात चूक असेल-नसेल, मला सांगता येणार नाही. त्यालाही सांगता येईल असं वाटत नाही. कुणी कशावरून असं विचारलेलं दिसत नव्हतं.

सरांनी तासिकेचा अर्ज पुन्हा भरला नाही. पिंपळगावकडे द्राक्षांच्या एका शीतगृहात पाळीवर देखरेखीचं काम धरलं. मुलगी नववीला सुरगाण्यातच राहिली.

शेवटचं भेटलो ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात. मार्च-एप्रिलच्या तासांचं बिल मंजूर होऊन आलं होतं, ते न्यायला आले. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर होता, बाहेर घाम फुटत असताना. शीतगृहातून थेट आले असावेत. बिल अठ्ठावीस हजार सातशे पन्नासचं होतं. त्यावर प्राचार्यांनी लाल शाईने शेरा मारला होता: प्रबंध मागे घेतल्यानंतरच्या काळातील यंत्राचा वापर मंजूर नसल्याने वीजखर्च वसूल करावा. वसुलीचा आकडा काढायचं काम माझं. तीनशे वॅट, चोवीस तास, एकसष्ट दिवस. चारशे एकोणचाळीस पूर्णांक दोन युनिट, नऊ रुपये दराने, पूर्ण करून तीन हजार नऊशे त्रेपन्न. बाकी चोवीस हजार सातशे सत्त्याण्णव. मी तो हिशेब दोनदा तपासला होता. कागद त्यांच्यापुढे सरकवताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

त्यांनी सावकाश वाचला.

"तीनशे वॅट कुठून घेतलेत?"

"खरेदीच्या कागदांवर होतं."

"ते साध्या कामाचं. हिशेब चालू असताना तो तीनशे चाळीस घ्यायचा. मी मीटर लावून बघितलं होतं, वहीत आहे."

"राहू द्या ना, सर."

"नाही, आकडा चुकलाय तुमचा, भाऊसाहेब."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझं कॅल्क्युलेटर ओढून घेतलं, चारशे सत्त्याण्णव पूर्णांक शहात्तर युनिट, चार हजार चारशे ऐंशी. फरक पाचशे सत्तावीस. मी म्हणालो, चेक तयार झालाय, आता बदलता येणार नाही. हे खरं होतं, आणि ते ऐकून ते सोडून देतील असं मला वाटलं. त्यांनी खिशातून पाकीट काढलं. एक पाचशेची नोट, एक वीसची, पाचचं नाणं, दोनचं नाणं. ओळीने माझ्या टेबलावर मांडलं.

पैसे परत त्यांच्याकडे सरकवायला एक हात पुरला असता. मी पावतीपुस्तक उघडलं.

चेक क्रमांक टाकून चोवीस हजार सातशे सत्त्याण्णव रुपये देवराम भोये यांना दिले. देवराम भोये यांच्याकडून जादा वीजवापरापोटी पाचशे सत्तावीस रुपये रोख कॉलेजच्या खात्यात जमा केले. पावतीवर सही माझी आहे.